अंतरपाटाच्या टोकाला

नवरा-नवरी समोरासमोर, मध्ये अंतरपाट. दोन्ही चेहरे लेन्सपासून सारख्या अंतरावर हवे असतील तर मला अंतरपाटाच्या अगदी टोकाशी उभं राहायला हवं. आणि तिथंच तो धरणारा माणूस उभा असतो. लेन्सचा कुठलाही विषय माझ्यापुरता या माणसापाशी येऊन अडतो.

खांदा धरला तसे मोठे दोन्ही कॅमेरे विकून फूजीची लहान मिररलेस घेतली. तिला एकच प्राइम लावायची ठरवली, ३५ ची. ५६ एफ १.२ चं नाव सगळे घेतात, पण तिच्यात जोडी पूर्ण बसवायला तीन-साडेतीन मीटर मागं जावं लागतं आणि नांदेडच्या मंगल कार्यालयात तेवढ्या अंतरात करवल्या, मामा, दोन व्हिडिओवाले सहज मावतात. ३५ मध्ये दोन मीटरवर काम भागतं.

पण ३५ तरी कोणती? एफ १.४ ची १८७ ग्रॅम, एफ २ ची १७०. म्हणजे खांद्याला विचारून उपयोग नाही. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, हे कागदावर. स्टेजवरचे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० च्या वर नेलं की फोटोत पट्टे येतात. जास्तीच्या उजेडानं वेग मिळत नाही, फक्त आयएसओ उतरतो. गावाकडं दुपारच्या मुहूर्ताला उजेड भरपूर, पण मांडवाचं कापड गुलाबी असलं की भटजींसकट सगळे गुलाबी. त्यावर कुठल्याच एफ नंबरचा इलाज नाही.

आता परत त्या माणसाकडं येतो. त्याच्या खांद्यावरून, तिरकं टिपायचं. दोन मीटरवर एफ १.४ ला खोली मिळते जेमतेम अठरा सेंटिमीटर, एफ २ ला पंचवीसेक. तिरक्या कोनातून नवरी नवऱ्यापेक्षा हातभर मागं. सावधान म्हणताच पाट खाली येतो, अक्षता उडतात, बँड सुरू होतो आणि नवरीनं वर बघितलेला तो एक क्षण. दोघं स्पष्ट हवे असतील तर एफ ४ वर जावंच लागतं. ज्या घडीसाठी एवढी उजेडाची लेन्स घ्यायची, त्या घडीला ती मिटवून ठेवायची! कुब्रिकनं १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये एफ ०.७ च्या लेन्सनं मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रण केलं; त्याच्या नटांना जवळपास जागच्या जागी बसावं लागायचं. आमच्या नवरदेवाला मित्रांनी उचलून धरलेलं असतं.

नव्या पोरांना हा पेच पडतच नाही. त्यांना सगळीकडं ब्लर लागतो. मंगळसूत्र लख्ख, चेहरा धुक्यात, आणि त्याला कलात्मक म्हणायचं. लातूरला गंजगोलाईत जोडपं उभं करतात आणि मागची गंजगोलाईच पुसून टाकतात. १६ रस्ते जिथून फुटतात ती जागा दिसणारच नसेल तर तिथवर गाडी कशाला न्यायची? माझ्या घरामागची भिंतही तेवढीच मऊ येईल.

माळेगावच्या यात्रेनं पारडं एफ २ कडं झुकवलं होतं. खंडोबाचा भंडारा उडतो, घोड्यांच्या बाजारात धूळ उडते. एफ २ ला धूळ-पाण्यापासून संरक्षण आहे, फोकसची हालचाल आतल्या आत होते. १.४ ला तसलं संरक्षण नाही आणि फोकस करताना तिची भिंगं पुढंमागं सरकतात. शहाण्या माणसाला एवढं पुरे होतं.

पण एफ २ ची फिल्टरची चकती ४३ मिलिमीटरची, १.४ ची ५२. वर तिला चौकोनी हूड. लहान कॅमेरा घेतल्यापासून यजमान आधी माझ्या हाताकडं बघतात, मग विचारतात, “दादा, मोठा कॅमेरा गाडीत आहे का?” हे ऐकलं की दिवसभर तोंड कडू होतं. काच जरा मोठी दिसली, हूड चढला, की वऱ्हाडी वाट देतात. हळदीच्या रात्री स्वयंपाकघरातल्या एका बल्बखाली बसलेल्या आज्यांसाठी १.४ लागते, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खोटं नाही. पण घेतली ती त्या ५२ साठीच.

माळेगावला भाच्याची एफ २ मागून नेतो. भाडं द्या म्हणतो, आणि ते मी अजून दिलेलं नाही.