जॅकालचं यंत्र

काकू गेल्या तेव्हा मी गावात नव्हतो. नंतर भेटायला म्हणून नांदुऱ्याला गेलो, तर त्यांच्या सुनेनं घर आवरायला काढलं होतं. ओसरीवर भंगारवाल्यासाठी लावलेल्या ढिगात तो टीव्ही होता. लाकडी पेटी, पुढं सरकतं शटर, खाली चार पाय. शटर सरकवलं आणि आतून वास आला. तापलेली धूळ, व्हार्निश आणि स्टॅबिलायझरच्या वायरीचा जळकटपणा. काकूंच्या आठवणीनं गळा दाटून यायला हवा होता, तो नंतर दाटलाच. पण आधी डोळ्यांपुढं उभा राहिला डॉक्टर जॅकाल, आणि त्याच्या मागोमाग एक जुना राग.

राग ‘शक्तिमान’वरचा. १३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली, आणि पुढं ती रविवारी लागू लागली तेव्हापासून आमच्या गल्लीचा रविवार तिच्या नावावर झाला. दुपारी बाराच्या आधीच काकूंच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. मे महिन्यात नांदुऱ्याचा पारा पंचेचाळीसला टेकलेला, आणि कूलर चालू असला की व्होल्टेज पडून पडद्यावरचं चित्र चहूबाजूंनी आक्रसायचं. शक्तिमानच्या डोक्याला आणि पायांना काळी पट्टी कापून टाकायची. मग काकू उठून कूलर बंद करत. दुसऱ्यांची पंधरा-वीस पोरं आपल्या घरात घामेघूम होऊन बसलेली, त्यात आपणही उकडत बसायचं, आणि वर माठातलं पाणी भरून ठेवायचं. त्या बाईनं मालिकेचा एकही भाग मन लावून पाहिला असेल असं मला वाटत नाही. आमच्यासाठी मात्र त्यांचा कूलर कितीतरी रविवार बंद राहिला.

इतका जीव आम्ही जिच्यावर टाकला, तिच्या लेखकांनी आमच्यावर तेवढा टाकला नाही. माझी तक्रार इथून सुरू होते.

शक्तिमान एरवी ज्याच्या रूपात वावरतो त्या सामान्य पंडित गंगाधरला गीता विश्वास ओळखू शकत नाही, हे मला कधी खटकलं नाही. ‘आज की आवाज’ची तिखट वार्ताहर, साऱ्या शहराची खबर ठेवणारी, आणि शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला माणूस तिला कळत नाही. असू दे. गोष्ट सांगणाऱ्याला एक अशक्य बाब गृहीत धरायचा हक्क असतो आणि ऐकणाऱ्यानं तो आनंदानं द्यावा. पण एकदा ती बाब ठरली की पुढचं सगळं तिच्याशी इमान राखून चालायला हवं. ज्याला भिंगरीसारखं गरगरत क्षणात कुठूनही कुठं पोहोचता येतं, त्याला दोन गल्ल्यांपलीकडच्या हाकेला यायला अर्धा भाग का लागतो? आज ज्या शक्तीनं तो जिंकला ती पुढच्या महिन्यात त्याला आठवत का नाही? आम्हाला आठवायची. शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर आम्ही त्याच्या शक्ती लिहून ठेवल्या होत्या. लहान पोराची स्मरणशक्ती ही लेखकासाठी फार मोठी देणगी असते, कारण पाच महिन्यांपूर्वी पेरलेलं बी त्याला आठवत असतं. ते बी उगवलंच नाही तर त्याला होणारं दुःख खरं असतं.

गीता विश्वासचा तर चेहराच बदलला. आधी किटू गिडवानी होत्या, नंतर वैष्णवी महंत आल्या. दोघींनीही काम छान केलं, वैष्णवींची गीता तर घराघरांत पोहोचली. पण त्या आठवड्यात ओसरीवर केवढा गोंधळ! ही कोण, ती कुठं गेली, याचा खुलासा आमच्यात कुणालाच करता येईना.

नट बदलणं ही अडचण साऱ्या जगात येते. इंग्लंडात १९६३ पासून चाललेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेत ती तीनच वर्षांत आली. विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना. १९६६ मध्ये लेखकांनी ठरवलं की आपला नायक परग्रहावरचा आहे, तेव्हा शरीर थकलं की तो नवं शरीर धारण करेल. हार्टनेल कोसळले आणि त्यांच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन उठून बसले. अडचणीतून कथेचा नियमच जन्माला आला आणि त्या नियमाच्या जोरावर ती मालिका पुढं कित्येक दशकं चालली. पंचमहाभूतं आणि योगशक्तीच्या कथेत असा मार्ग काढणं अवघड होतं का? आपल्याकडं तर कायापालटाच्या कथांची खाण आहे.

आता तो रविवार. माझ्या डोक्यातून तो काही केल्या जात नाही. मालिकेतल्या दुष्ट शास्त्रज्ञानं, डॉक्टर जॅकालनं, काहीतरी यंत्र उभं केलं होतं. त्यानं नेमकं काय व्हायचं होतं ते मला सांगता येणार नाही, पण तांबडे-हिरवे दिवे लुकलुकत होते, जॅकाल आपला तो ‘पॉवर’ शब्द ओढून ओढून उच्चारत होता आणि शक्तिमान दारात उभा होता. तेवढ्यात लाइन गेली. पडद्याच्या मधोमध पांढरा ठिपका उरला आणि तोही विझला. कुणीतरी शेतावरचा पोर्टेबल टीव्ही आणि ट्रॅक्टरची बॅटरी आणायला पळालं. त्याला यायला वेळ लागणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. लहानग्यांनी रडायला सुरुवात केली. तेव्हा माझा चुलतभाऊ, आमचा दादा, खांबाला टेकून बसला होता तो म्हणाला, “लाइन गेली त जाऊ द्या न पोट्टेहो. पुढचं मी सांगतो.”

आणि त्यानं सांगितलं. शक्तिमाननं मूठ उगारली. मग थांबला. यंत्राभोवती एक चक्कर मारली. म्हणाला, “जॅकाल, मशीन त तू चांगलं बनवलं लेका. हे फोडून मले काय भेटते? चाल, आपल्या नांदुऱ्यात विहिरी आटल्या हायेत, तिथं लावू.” जॅकाल आधी तयार नव्हता. मग त्याला काकूंच्या माठातलं पाणी पाजलं गेलं. मग तो तयार झाला. यंत्र बैलगाडीतून आलं, त्याचा एक स्क्रू वाटेत पडला, तो शोधायला अख्खी गल्ली कामाला लागली. बॅटरी आली तेव्हा भाग संपलेला होता आणि कुणाचं तिकडं लक्षही नव्हतं.

दादाच्या त्या शेवटानं माझा मोठा राग मला दाखवून दिला, तोवर तो मला कळलाही नव्हता. मालिकेत प्रयोगशाळा असायची ती बहुतेक जॅकालची. परीक्षानळ्या, संगणक, नवनवी यंत्रं, डोकं लढवणारा माणूस, हे सारं अंधाराचा राजा तमराज किल्विषच्या दिमतीला. नायकाची शक्ती कुठून आली? सूर्यांशी योग्यांच्या कृपेनं आणि साधनेनं. योगाबद्दल माझी तक्रार नाही, आमच्या घरात पहाटे प्राणायाम होत असे. पण आठवड्यामागून आठवडे एखाद्या पोरानं हेच पाहिलं की यंत्र बनवणारा दुष्ट असतो आणि ते फोडणारा चांगला, तर त्यानं प्रयोगशाळेत जायचं स्वप्न कुणाच्या तोंडाकडं पाहून बघायचं? जॅकाल झालेले ललित परिमू हे ताकदीचे नट. त्यांच्या डोळ्यांत ज्ञानाची भूक स्पष्ट दिसायची. त्या भुकेला एखादा चांगला मार्ग दाखवायची बुद्धी लेखकांना झाली असती तर ही मालिका कुठल्या कुठं गेली असती.

भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ यायचं. दात घासा, खरं बोला, मोठ्यांचं ऐका. त्याचा उपयोग झाला हे मी मान्य करतो. शक्तिमानसारखं उडायला जाऊन मुलांना अपघात झाल्याच्या बातम्या पेपरात आल्या तेव्हा मुकेश खन्ना यांनी स्वतः पडद्यावर येऊन पोरांना समजावलं. ही जबाबदारी सगळेच घेत नाहीत. पण हीच काळजी कथेच्या बाबतीतही हवी होती. मुलांना शेवटी एक बोधाचं वाक्य दिलं म्हणजे मधल्या वीस मिनिटांत काहीही चालतं, असं होत नाही. मुलं बोध विसरतात आणि गोष्ट लक्षात ठेवतात.

आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातलं उदाहरण देतो. खामगाव-मेहकरवरून लोणारच्या सरोवराला शाळेची सहल गेली होती. तिथल्या वाटाड्यानं एका दमात दोन गोष्टी सांगितल्या. पहिली लवणासुराची: भगवान विष्णूंनी दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, त्यामुळं हा खड्डा पडला आणि पाणी खारट झालं. दुसरी उल्केची: आकाशातून दगड आला, बेसाल्टच्या थरावर आदळला आणि जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं विवर झालं. लोणार ज्वालामुखीचं विवर की उल्केचं, हा वाद शास्त्रज्ञांत पुष्कळ काळ चालला. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनानं, आघातानं काचेसारख्या झालेल्या खनिजांचा पुरावा देऊन, तो उल्केच्या बाजूनं लावला. वाटाड्याला हे सगळं ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण त्याच्या तोंडी असुर आणि उल्का गुण्यागोविंदानं नांदत होते. एकाला खरं ठरवण्यासाठी दुसऱ्याला खलनायक करायची गरज त्याला पडली नाही. दैत्यसूदनाच्या देवळातून निघून आम्ही विवराच्या काठावर गेलो आणि खाली पाहिलं, तेव्हा पोटात जो खड्डा पडला तसा शक्तिमानच्या कुठल्याच भागानं पडला नव्हता.

नियम पाळणारी विज्ञानकथा मला पुढं वाचनालयात भेटली, जयंत नारळीकरांच्या पुस्तकांत. त्यांची पहिली कथा ‘कृष्णविवर’. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी आपल्या नावाला नव्हे, कथेला गुण द्यावेत म्हणून. तिला पहिलं बक्षीस मिळालं. ‘यक्षांची देणगी’ मी वाचलं तेव्हा वाटलं, अरे, वहीच्या मागच्या पानावर नियम लिहिणारा माणूस इकडंही आहे. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत तर यंत्रमानवाचा धोका आहे, तरी ते बनवणारी माणसं राक्षस नाहीत. बुद्धिमान आहेत, जिज्ञासू आहेत, आणि त्यांच्या जिज्ञासेची त्यांना किंमत मोजावी लागते. गेल्या वर्षी, २० मे २०२५ ला, नारळीकर गेले. त्या दिवशी मी दादाला फोन केला. तो कापसाच्या जिनिंगमध्ये होता, मागं यंत्रांचा घरघराट. “वाचलं,” एवढंच म्हणाला.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवायला घेतली. मी माझ्या मुलीला घेऊन बसलो. मनात एकच होतं, तो भाग यावा. दारात उभा शक्तिमान, लुकलुकणारं यंत्र, पुढं काय झालं? तो माझ्या काही हाती लागला नाही. मुलीनं मात्र पाहता पाहता मला विचारलं, “बाबा, हे शास्त्रज्ञ काका नेहमी वाईटच का असतात?” आम्ही ओसरीवर बसून जे कुणाला विचारलं नाही, ते तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. साऱ्या देशानं फोटो पाहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून कारण सांगितलं: पाणी आटून खारटपणा वाढला, मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्यानं सरोवर रंगलं. मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे इवल्याशा जिवांनी अख्खं तळं रंगवलं?” टीव्ही त्या वेळी चालूच होता. तिनं वळूनही पाहिलं नाही.

मालिका २७ मार्च २००५ ला थांबली होती. दूरदर्शनच्या वेळेचं भाडं परवडेनासं झालं, असं मुकेश खन्ना यांनी पुढं मुलाखतींत सांगितलं. ती अडचण मी समजू शकतो. पण चारशेच्या वर भाग पाहिलेल्या पोरांना शेवटचा हिशेब नीट चुकता करून हवा होता, आणि मला तरी तो मिळाला नाही. २०२२ मध्ये मोठ्या पडद्यावरच्या तीन चित्रपटांची घोषणा झाली. त्या चित्रपटांच्या लेखकांना माझी एवढीच विनवणी आहे की जॅकालला या खेपेला नीट लिहा.

आणि खरी विनवणी जवळच्यांना. बुलढाणा जिल्ह्यातल्या, वऱ्हाडातल्या लिहित्या हातांनो, लोणारवर एक लांबलचक विज्ञानमालिका लिहा. मराठीत लिहा, आपल्या वऱ्हाडीत बोलू द्या तिच्यातल्या माणसांना. तिचे नियम आधी एका वहीत उतरवून काढा, शेवट ठरल्याशिवाय पहिला भाग छापू नका, आणि यंत्र बनवणाऱ्याला गावात राहायला एक घर द्या. दादानं त्या ओसरीवर सांगितलेल्या गोष्टींतली एकही लिहून ठेवलेली नाही. त्याला मी विचारलं आहे. कुणी लिहायला बसणार असेल तर सांगायला तो तयार आहे.