साठावे मत

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत संमत झालेल्या आर्थिक उत्तेजन विधेयकाचा आकार मंदीच्या खोलीपेक्षा सिनेटच्या नियमांनी अधिक ठरवला. शंभर सदस्यांच्या या सभागृहात विरोधकांनी चर्चा लांबवली, तर ती थांबवून मतदान घ्यायला साठ मते लागतात. बराक ओबामा अध्यक्ष झाले तेव्हा डेमोक्रॅटिक गटाकडे अठ्ठावन्न सदस्य होते. मिनेसोटाच्या एका जागेचा निकाल वादात अडकला होता.

प्रतिनिधिगृहात बहुमत पक्के होते. २८ जानेवारीला विधेयक २४४ विरुद्ध १८८ मतांनी मंजूर झाले, पण एकाही रिपब्लिकन सदस्याने त्याच्या बाजूने मत दिले नाही. उपाय फसला तर खापर सत्ताधाऱ्यांच्याच माथी फुटावे, याची तजवीज या एकजुटीत होती.

सिनेटमध्ये मग तीन रिपब्लिकनांना विलक्षण वजन आले: मेनच्या सुझन कॉलिन्स व ऑलिम्पिया स्नो आणि पेनसिल्वेनियाचे आर्लेन स्पेक्टर. स्पेक्टर यांनी वैद्यकीय संशोधनासाठी १० अब्ज डॉलर मिळवले. कॉलिन्स आणि नेब्रास्काचे डेमोक्रॅट बेन नेल्सन यांनी खर्चाला कात्री लावली. शाळांच्या बांधकामाचा स्वतंत्र निधी गेला, राज्यांची मदत घटली. सर्वात मोठे नुकसान या दुसऱ्या कपातीने केले. बहुतेक राज्यांना तुटीचे अंदाजपत्रक मांडता येत नाही. महसूल आटला की ती शिक्षकांना घरी बसवतात, म्हणजे वॉशिंग्टन एका हाताने देते ते दुसऱ्या हाताने निसटते. उलट, पर्यायी किमान करातून मध्यमवर्गाला सूट देणारी सुमारे ७० अब्जांची तरतूद विधेयकात शिरली. अशी सूट एरवीही वेळोवेळी दिली जातच होती. आकडा फुगला, बाजारातली मागणी मात्र तेवढी वाढणार नव्हती.

अंतिम मतदान १३ फेब्रुवारीला झाले. एडवर्ड केनेडी आजारपणामुळे गैरहजर होते. ओहायोचे शेरॉड ब्राऊन आईच्या अंत्यदर्शनाच्या कार्यक्रमातून सरकारी विमानाने परतले. त्यांच्यासाठी मतदान रात्री उशिरापर्यंत, काही तास खुले ठेवले गेले. त्यांचे मत साठावे ठरले. विरोधात ३८ मते पडली. ७८७ अब्ज डॉलरच्या या विधेयकावर ओबामांनी १७ फेब्रुवारीला डेन्व्हरमध्ये सही केली.

ऑक्टोबरमध्ये बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली. एवढ्या मोठ्या दुसऱ्या विधेयकासाठी राजकीय बळ उरले नव्हते, आणि २०१० मध्ये डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहही गमावले. २०२१ मध्ये जो बायडन यांनी वेगळी वाट धरली. अंदाजपत्रकीय समायोजनाच्या प्रक्रियेत साधे बहुमत पुरते. सुमारे १९०० अब्ज डॉलरचे विधेयक सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४९ मतांनी संमत झाले. मात्र या प्रक्रियेत अंदाजपत्रकाशी थेट निगडित तरतुदीच बसतात, त्यामुळे किमान वेतनवाढ गाळावी लागली.