कामठा तासताना

पेरणीला अवकाश होता, म्हणून तीरकामठा करायला घेतला. बांबू बांधावरच्या बेटातला, तीन वर्षांचा, सावलीत वाळवलेला.

पहिला मोडला. एक बाजू ताठ वाटली म्हणून एकाच जागी तासत बसलो, दोरी चढवली आन् एकदम पूर्ण ताणला. कटकन गेला, नेमका तिथंच.

तुकडे घेऊन पाड्यावरच्या आजोबांकडे गेलो. त्यांना आता नीट दिसत नाही. बोटं फिरवून म्हणाले, "पोरा, वाकतं तिथं हात लावू नको. ताठ राहतं तिथं खरवड."

दुसऱ्याची वरची साल अजिबात सोलली नाही. ताण तीच झेलते. आतल्या अंगाने काचेच्या तुकड्याने थोडं खरवडायचं, वीस-तीसदा हलकं ओढायचं, भिंतीसमोर धरून दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघायचं. मग पुन्हा तेच. वीतभर ओढीवरून हातभर ओढीवर यायला चार दिवस लागले.

काल आजोबांनी तो चाचपला. "जमलं," एवढंच म्हणाले. पाड्यात आता दुसरं कोणी कामठा करत नाही. त्यांचे हात चालतात तोवर माझ्या पोराला रोज तासभर त्यांच्यापाशी बसवतोय. शिकार नाही हं, नेम कडब्याच्या पेंढीवर.