वाट्याचं काम

धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर विशेष शिक्षक म्हणून फिरत होतो तेव्हा पगार शासनाचा घेतला, पण कामाची खरी समज मिळाली ती एका पावरा आजीकडून. तिला मराठी जेमतेम कळायची, मला पावरी त्याहून कमी. मध्ये दुभाषी म्हणून आश्रमशाळेत शिकणारी तिची मोठी नात.

धाकटा नातू आठ वर्षांचा. उशिरा चालायला लागलेला, बोलायचा दोन-चार शब्द. दिवाळी झाली की आई-बाप गुजरातेत ऊसतोडीला. घरी आजी, नातवंडं आणि शेळ्या. मूल रोजची कामं कितपत करतं हे पाहणारी व्हाइनलँडची चाचणी माझ्या पिशवीत असायची, डॉ. मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी बेतलेली. ८९ बाबी, त्या घरच्यांना विचारायच्या. कपड्याची बटणं लावतो का, हे विचारलं तर पोराच्या सदऱ्याला बटणच नव्हतं. आजी खूप हसली. मग म्हणाली, बटणाचं राहू द्या गुरुजी, तो मोह वेचतो, ते लिहा. तसा रकाना कुठे होता?

म्हणून पहाटे बघायला गेलो. झाडाखालचा पाला आधीच जाळून जागा साफ केलेली, तिच्यावर ओलसर फुलांचा सडा. पोरगा उकिडवा बसून एकेक फूल अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून छोट्या टोपलीत टाकत होता. खडा आला की फेकायचा. मधूनच एखादं फूल तोंडात. आजी त्याला घाई करत नव्हती आणि मदतही करत नव्हती.

नातीने आधीची हकिगत सांगितली. गेल्या हंगामात आजीच वेचायची. भरलेली टोपली अंगणात वाळवणावर पालथी करायची, एवढंच काम त्याचं. पुढे ती टोपली थोडी रिकामी ठेवू लागली, शेवटच्या चार मुठी त्याच्या. मग अर्धी टोपली त्याची. असं करत करत अख्खी टोपली त्याच्या वाट्याला आली. आमच्या पदविकेत याला उलटी साखळी म्हणतात. कामाचे तुकडे पाडायचे आणि शेवटचा तुकडा मुलाला आधी द्यायचा, म्हणजे काम पुरं केल्याची मजा पहिल्या दिवसापासून त्याची. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

घरच्यांनीच शिकवायचं, याच विचाराने अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज या गावी १९६९ साली एक प्रकल्प सुरू झाला. तिथल्या ग्रामीण भागातली घरं लांब लांब, मुलांना एकत्र आणणं अवघड. तेव्हा शिक्षकानेच आठवड्याला घरी जायचं, आईला एखादं लहानसं काम दाखवायचं आणि आठवडाभर तिने ते मुलाकडून करून घ्यायचं. एकेका टेकडीवर एकेक घर असलेल्या आमच्या सातपुड्याला ही पद्धत अगदी मानवणारी. पण तिचा सगळा भार घरावर असतो. शिक्षक काय, येतो आणि जातो.

गरिबीच बरी, असं मात्र कोणी समजू नये. या पोराला झटके यायचे, आणि गोळ्या संपल्या की चांदसैली घाट उतरून तळोद्याला जावं लागायचं. पावसाळ्यात दरड कोसळली की तेही बंद.

त्याला अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळवून दिलं, संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही भरला. आजीच्या लेखी आमची फिटंफाट झाली. माझ्या लेखी नाही.

खाली शहाद्याकडे एका खात्यापित्या घरात त्याच वयाचा मुलगा होता. कपाटभर खेळणी. आई अजून घास भरवायची, मायेनेच. पण त्याच्यावाचून अडेल असं त्या घरात एकही काम नव्हतं. 'घरात याच्या वाट्याला काय आहे?' हा प्रश्न मी आजीकडून उचलला होता, तो तिथे विचारला. बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी ठरलं, वडिलांची शेतावर न्यायची पाण्याची बाटली आईने भरायची आणि झाकण त्याने लावायचं.

आता तो लावतो. कधी तिरकं बसतं, वडिलांची पिशवी ओली होते. आई मागून हळूच झाकण नीट करते, आणि ताई, तेवढं करू नका, असं मी दर खेपेला सांगत असतो.