पावसात दार तासू नये



जून सरत आला की पेडणे-डिचोलीकडच्या घराघरांत एकच तक्रार ऐकू येते: दार लागत नाही. यंदा आमच्या कपेलातही तेच झाले. वेदीमागच्या कपाटाचे दार फुगून बसले. त्यातच पहिल्या रांगेतला गुडघे टेकायचा बाक डगमगू लागला. त्या बाकावरच्या म्हाताऱ्या मावश्या एकमेकींचा हात धरून उठायच्या. सुतार पाहिला, तर सगळे चतुर्थीआधीच्या कामांत गुंतलेले. शेवटी मी पप्पांची हत्यारांची पेटी उघडली. ते गेल्यापासून ती माळ्यावरच होती.

पप्पा सुतार होते. मी बी.ए. झालो. रंधा, पटाशी, करवत ही हत्यारे मला नावाने ठाऊक, हाताने नाही. पण लहानपणी शेजारी बसून जे पाहिले होते, ते पेटीचे झाकण उघडताच आठवू लागले.

बाक डगमगतो म्हणून लगेच पाय कापायला जाऊ नये. आधी तो फिरवून दुसऱ्या जागी ठेवावा. तिथे नीट उभा राहिला, तर दोष जमिनीचा. आमचा बाक तिथेही डुगडुगला. पाहतो तर एका पायाचा सांधा सुटलेला आणि स्क्रूचे भोक मोठे झालेले. पप्पा अशा वेळी काडेपेटीच्या काड्यांचे गूल काढून, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासायचे. रात्रभर वाळू दिले की स्क्रू पुन्हा घट्ट बसतो. स्क्रू आधी साबणावर घासला, तर तो कमी जोरात आत जातो. सांध्यातला जुना गोंद खरवडून नवा लावला. तो वाळेपर्यंत दाबून धरायला क्लॅम्प नव्हता, म्हणून सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळली. फळीच्या टोकाला खिळा मारताना आधी त्याचे टोक हातोडीने किंचित बोथट केले. अणकुचीदार खिळा पाचरीसारखा लाकडाचे तंतू फाकवतो आणि फळी चिरते. बोथट खिळा ते चिरडत आत जातो. राहिलेल्या फटीत त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरला. काम संपल्यावर हत्यारांना खोबरेल तेलाचा हात फिरवला, कारण आपल्या पावसात लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही.

कपाटाच्या दाराला मात्र मी रंधा लावला नाही. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगते, लांबीत फारसे नाही. जुलैत तासलेले दार जानेवारीत आक्रसते आणि फट पडते. पप्पा जिथे घासते तिथे पेन्सिलीची खूण करायचे, मेणबत्ती फिरवायचे आणि म्हणायचे, "पुता, पावसात दार तासू नये. दिवाळीनंतर बघू."

हे वाक्य आठवले आणि एक जुनी गोष्ट मनात टोचू लागली.

म्हापशाला कॉलेजात नाव घालताना फॉर्मवर वडिलांचा धंदा लिहायचा होता. मी 'व्यापार' असे लिहिले. घरी सहीसाठी तो कागद पप्पांपुढे ठेवला. त्यांनी वाचला, सही केली, काही बोलले नाहीत. तो जूनचा महिना होता. त्यानंतर नाताळच्या आधी एके दिवशी ते फळी कापत होते. मला म्हणाले, "दुसरे टोक धर." मी धरले. काम झाल्यावर म्हणाले, "आता तुझ्या हाताला भुसा लागला. कोणी विचारले तर काय सांगशील?" आणि हसले. मी मान खाली घातली. माफी मागायची होती, ती राहून गेली. ती आता मी त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करताना मागतो.

नासरेथच्या लोकांनीही येशूला सुतार म्हणूनच हिणवले होते (मार्क ६:३). मूळ ग्रीक शब्द आहे 'तेक्तोन', म्हणजे लाकूड किंवा दगड घडवणारा कारागीर. दुसऱ्या शतकातले संत जस्टिन लिहितात की येशू नांगर आणि जू बनवीत असे. जू बैलाच्या मानेला बेतून बसले नाही, तर मान सोलवटते. आपले जू सोयीचे आहे असे प्रभू सांगतो, तेव्हा त्यामागे कारखान्यातला अनुभव असावा, असे मला वाटते. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामगार संत योसेफाचा सण म्हणून ठरवला. आणि पेडण्याचे आपले चर्च तर संत योसेफाच्याच नावाचे! तरीही त्याच्या धंद्याची लाज माझ्यासारख्या धर्मशिक्षकाच्या मनात शिरली होती.

गेल्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वहीत एका मुलाने वडिलांच्या कामाची जागा कोरी सोडली. त्याचे वडील रंगकाम करतात, हे मला ठाऊक आहे. जुना मी असतो, तर तिथेच प्रश्न विचारून त्याला लाजवले असते. मी वही मिटली. वर्ग सुटल्यावर त्याला म्हटले, "जरा ये रे, बाकाचे दुसरे टोक धर." आम्ही बाक उचलून जागेवर ठेवला. तो हलला नाही. मुलाने दोन्ही हातांनी दाबून पाहिला आणि आपणहून म्हणाला, "सर, याला पॉलिश पाहिजे. माझे पप्पा करून देतील."

आपल्याही घरात एखादे दार अडकत असेल, लाकडाचे किंवा माणसांमधले. राग फुगलेला असताना रंधा उचलू नका. जिथे घासते तिथे खूण करा, थोडे मेण लावा, ऋतू बदलू द्या. मात्र दिवाळीनंतर ती खूण विसरू नका.

हे संत योसेफा, आमच्या हातांना काम दे, आमच्या मनांना त्या कामाचा मान दे, आणि आमच्या थकलेल्या आई-वडिलांसाठी प्रभूकडे विनंती कर. आमेन.