पावती फाडली, हिशेब उरला

ब्रिटनमध्ये गाडीचा विमा काढताना अर्जात एक प्रश्न हमखास येतो: गेल्या पाच वर्षांत वाहतुकीच्या कुठल्या गुन्ह्यात तुम्ही दोषी ठरला आहात का? या देशात राहून दरवर्षी हा अर्ज भरणारा मराठी माणूस म्हणून मला वाटतं, आपलं उत्तर प्रश्न पुरता वाचण्याआधीच ठरलेलं असतं. गुन्हा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोलीस चौकी उभी राहते, कोर्टाच्या तारखा येतात, वकील येतो. वेगमर्यादा थोडी ओलांडली, कॅमेऱ्याने टिपलं, घरी पत्र आलं, शंभर पाउंड भरले आणि परवान्यावर तीन पॉइंट पडले, याला आपण गुन्हा म्हणत नाही. आपल्या लेखी ती फाडलेली पावती असते, आणि पावती फाडली की विषय संपतो. त्यामुळे खोटं बोलण्याचा विचारही मनात नसताना आपण ‘नाही’वर बोट ठेवतो. पण पॉइंट पडलेला तो दंड विम्याच्या अर्जात दोषसिद्धी म्हणूनच सांगायचा असतो. पैसे पोस्टाने भरले की कोर्टात उभं राहून, याने फरक पडत नाही. शब्दाच्या या घोटाळ्यातून होणारं नुकसान फार मोठं आहे, आणि ते टाळणं आपल्या हातात आहे, म्हणून हे लिहितो आहे.

या घोटाळ्याला आपली सवयही कारणीभूत आहे. भारतात गाडीचा विमा मुख्यतः गाडीचा असतो, चालकाचा नसतो. गाडीची किंमत, वय, इंजिनाची क्षमता यांवर हप्ता ठरतो, आणि मालकाच्या वागणुकीचं प्रतिबिंब दिसतंच तर ते नो क्लेम बोनसमध्ये. ई-चलान किती थकली आहेत, हे विमा एजंट विचारत नाही. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांना जास्त हप्ता लावावा, असा प्रस्ताव भारतीय विमा नियामकाच्या कार्यगटाने २०२१च्या जानेवारीत मांडला होता, म्हणजे विचार तिकडेही सुरू झालेला आहे. ब्रिटनमध्ये मात्र चालक हाच हिशेबाचा केंद्रबिंदू आहे. त्याचं वय, पत्ता, व्यवसाय, किती वर्षं गाडी चालवतो आणि कशी चालवतो, यांवर हप्ता ठरतो. नवराबायको दोघांची नावं पॉलिसीवर असतील, तर प्रश्न दोघांनाही लागू असतो. बायकोचे पॉइंट नवऱ्याच्या अर्जात लिहावे लागतात, आणि नवऱ्याचे बायकोच्या.

यावर पहिला आक्षेप न्यायाचा असतो, आणि तो वरवरचा नाही. दंड भरला, पॉइंट घेतले, मग त्याच चुकीसाठी विमा कंपनीला वर्षानुवर्षं जास्त पैसे का द्यायचे? एका चुकीला दोन शिक्षा का? माझं उत्तर असं की हप्ता ही शिक्षाच नाही. शिक्षा मागे पाहते, हप्ता पुढे पाहतो. दंड आकारणारी यंत्रणा विचारते, तू काय केलंस. विमा कंपनी विचारते, येत्या वर्षात तुझ्यामुळे मला पैसे द्यावे लागण्याची शक्यता किती. तरुण चालकाने काहीही चूक केलेली नसते, तरी त्याला जबर हप्ता पडतो. त्याला कुणी शिक्षा म्हणत नाही. पॉइंटचंही तसंच आहे. शिवाय विमा ही सामायिक पेटी आहे. मी माझी जोखीम लपवून कमी पैसे टाकले, तर उरलेले पैसे त्याच पेटीत प्रामाणिकपणे भरणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून जातात.

दुसरा आक्षेप आहे की कंपन्या मुद्दाम जाळं टाकून बसलेल्या असतात: काहीतरी सांगायचं राहिलं की दावा नाकारायला मोकळ्या. एके काळी यात बरंच तथ्य होतं. १७६६ साली कार्टर विरुद्ध बोह्म या खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी विमा हा परम विश्वासाचा करार असल्याचं तत्त्व मांडलं. वाद सुमात्रा बेटावरच्या एका इंग्रजी किल्ल्याच्या विम्याचा होता, आणि निकाल विमा उतरवणाऱ्याच्या बाजूने लागला होता, कारण मॅन्सफिल्ड यांच्या मते विश्वासाचं बंधन दोन्ही पक्षांवर होतं. पण १९०६च्या सागरी विमा कायद्याने ते तत्त्व ज्या रीतीने लिहून काढलं, त्यात सगळा भार ग्राहकावर पडला. कंपनीने विचारो वा न विचारो, तिच्या निर्णयावर परिणाम होईल असं सारं ग्राहकाने आपण होऊन सांगायचं; नाही सांगितलं तर विमाच रद्द. हा अन्याय होता. तो २०१२च्या ग्राहक विमा कायद्याने दूर केला, आणि ६ एप्रिल २०१३पासून तो कायदा लागू आहे. आता आपण होऊन काही ओकायचं नसतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं जाऊ नये याची वाजवी काळजी घ्यायची, एवढंच ग्राहकाचं कर्तव्य. प्रश्न स्पष्ट विचारणं ही कंपनीची जबाबदारी. म्हणजे जाळ्याची भीती आता पूर्वीइतकी खरी नाही, आणि प्रश्न स्पष्ट असताना उत्तर चुकवण्याला सबबही उरलेली नाही.

याच कायद्याने चूक आणि लबाडी यांच्यात फरक केला आहे. उत्तर जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने खोटं दिलं असेल, तर कंपनी करारच रद्द करू शकते, सगळे दावे नाकारू शकते, आणि भरलेला हप्ताही सहसा परत देत नाही. हलगर्जीपणाने चुकलं असेल, तर हिशेब प्रमाणात होतो. समजा, खरं सांगितलं असतं तर हप्ता ८०० पाउंड पडला असता, आणि भरले ६००. मग ८,००० पाउंडांच्या दाव्यापैकी ६,०००च मिळतील. दोनशे वाचवायला गेलो आणि दोन हजार गमावले. खरी माहिती कळल्यावर कंपनीने विमा दिलाच नसता असं ठरलं, तर दावा शून्यावर येतो. तुमच्या गाडीने जखमी झालेल्या माणसाला भरपाई मात्र मिळते. अपघातानंतर विमाच अवैध ठरवून घेऊन ती टाळण्याची कंपन्यांची वाट १ नोव्हेंबर २०१९पासून बंद झाली आहे. पण कंपनीने दिलेली ती रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते, आणि जखमी माणसाच्या आयुष्यभराच्या शुश्रूषेचा खर्च ही रक्कम सामान्य घर बुडवू शकते. शिवाय विम्याचं प्रमाणपत्र मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटं लिहिणं हा १९८८च्या रोड ट्रॅफिक अॅक्टनुसार स्वतंत्र गुन्हा आहे. त्यानंतर जन्माला येतो आणखी एक प्रश्न, जो पुढच्या अर्जांत पाठ सोडत नाही: तुमचा विमा कधी कंपनीने रद्द केला आहे का? तीन पॉइंटपेक्षा या ‘हो’चं ओझं कितीतरी जड असतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कंपन्या कुठे आपल्याशी न्यायाने वागतात? जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त हप्ता लावण्याची त्यांची रीत इतकी पसरली होती की नियामकाला १ जानेवारी २०२२पासून ती बंद करावी लागली. कृष्णवर्णीय आणि आशियाई वस्तीच्या भागांत राहणाऱ्यांना गाडीच्या विम्यासाठी सरासरीने जास्त पैसे मोजावे लागतात, हे सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थेने २०२२मध्ये दाखवून दिलं. विमा कंपन्यांच्या संघटनेने वर्णावरून दर ठरत असल्याचा इन्कार केला. हा राग मला परका नाही आणि तो मी खोडून काढणार नाही. पण अन्यायाशी लढायला खोटं उत्तर हे हत्यार निकामी आहे, कारण ते आपल्यावरच उलटतं. कंपनी चुकली, तर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे ग्राहकाला फुकट दाद मागता येते. तिथे जाणाऱ्याचा अर्ज मात्र स्वच्छ हवा. आपलाच कागद डागाळलेला असेल, तर खरी तक्रारही लंगडी होते.

काही जण म्हणतात, परवान्याचा क्रमांक दिला की कंपनीला सगळं दिसतंच, मग मी का सांगायचं? २०१४पासून मायलायसन्स या सेवेमुळे विमा कंपन्यांना परवाना खात्याच्या नोंदी तपासता येतात, हे खरं. पण प्रत्येक कंपनी प्रत्येक अर्जाच्या वेळी तपासेलच असं नाही, आणि काही तपासण्या दावा आल्यावर होतात. तपासणी ही कंपनीची सोय आहे, तुमच्या उत्तराला पर्याय नव्हे. याच सोयीची दुसरी बाजू अशी की ‘विसरलो’ ही सबब आता टिकत नाही. परवाना क्रमांक, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आणि पोस्टकोड टाकला की आपली नोंद आपल्यालाही सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. वेगमर्यादेसाठी एसपी ३०, गाडी चालवताना फोन हातात धरल्याबद्दल सीयू ८०, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल डीआर १० असे संकेत तिथे तारखांसह लिहिलेले असतात.

मात्र प्रामाणिकपणालाही सीमा असते, आणि ती माहीत नसल्यामुळे काही भली माणसं गरजेपेक्षा जास्त सांगून बसतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७४च्या पुनर्वसन कायद्यानुसार परवान्यावर नोंदलेली दोषसिद्धी प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत पाच वर्षांनी कालबाह्य होते; गाडी चालवण्याची बंदी त्याहून लांब असेल तर मुदत वाढते. कालबाह्य झालेली गोष्ट विम्याच्या अर्जात सांगण्याचं बंधन नाही. ती न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. गोंधळ होतो तो आकड्यांचा. बारा पॉइंट साठले की बंदी येते, त्या बेरजेत पॉइंट तीन वर्षं धरले जातात. वेगमर्यादेची नोंद परवान्यावर चार वर्षं राहते. दारू पिऊन गाडी चालवल्याची अकरा वर्षं राहते. विम्यासाठी महत्त्वाची मात्र पाच वर्षं. म्हणजे परवाना कोरा झाला, तरी पाचव्या वर्षात वेगमर्यादेचा दंड सांगावा लागतो. आणि दारूची नोंद परवान्यावर दिसत असली, तरी पाच वर्षांनंतर ती सांगावी लागेलच असं नाही. पॉइंटऐवजी वेगाविषयीचा वर्ग केला असेल, तर ती दोषसिद्धीच नव्हे. दोषसिद्धीबद्दल विचारल्यावर ‘नाही’ म्हणणं तिथे खरं उत्तर आहे. पण अर्जात वर्गाबद्दल वेगळा प्रश्न असेल, तर त्याचं उत्तर ‘हो’.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत मावतं: विचारलं तेवढं सांगावं, पण तेवढं पूर्ण आणि खरं सांगावं. नूतनीकरणाच्या वेळी गेल्या वर्षीची उत्तरं आपोआप पुढे सरकतात, तेव्हा ती पुन्हा वाचावीत. भारतातून नव्याने आलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: भारतीय परवान्यावर इथे बारा महिने गाडी चालवता येते, पण त्या काळात पडलेल्या पॉइंटचीही इथे नोंद होते. तो परवाना परदेशी आहे म्हणून नोंद टळत नाही.

आणि तो प्रश्न मनातल्या मनात मराठी करून वाचू नये. आपल्या भाषेत गुन्ह्याला लाज चिकटलेली आहे, आणि त्या लाजेपोटीच आपलं बोट ‘नाही’कडे जातं. अर्जात विचारलेली असते ती फक्त एक नोंद: संकेत, तारीख, पॉइंट. ती समोर ठेवून जशीच्या तशी उतरवली, की वर्षाला शे-दोनशे पाउंड जास्त जातील. त्या बदल्यात जो कागद हाती येतो, तो अपघाताच्या दिवशी खरोखर विमा असतो.