मिक्सरमागच्या जागेवरून

शाळेच्या कार्यक्रमांची छायाचित्रे या स्मरणिकेत पुष्कळ असतील. त्यांपैकी एकातही आम्ही दिसणार नाही, आणि त्याचे आम्हांस वाईटही वाटत नाही. सभागृहाच्या अगदी मागे, दाराला लागून असलेल्या लाकडी टेबलाशी आमची जागा. समोर सोळा चॅनेलचा मिक्सर. त्याच्या खालच्या कडेला चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने लिहिलेली नावे : पेटी, ढोलकी, कोरस डावा, कोरस उजवा, सूत्रसंचालन. वसतिगृहात असताना हे काम आम्ही शिकलो. आज आमच्यापैकी एक जण मंडप-साऊंडचा व्यवसाय करतो, एक बँकेत आहे, दोघे शिक्षक आहेत. स्नेहसंमेलन जवळ आले की सारे पुन्हा या टेबलाशी जमतो.

पाहणाऱ्यास मिक्सर म्हणजे बटणांचे रान वाटते. वस्तुतः एका चॅनेलची उभी पट्टी नीट उमगली की उरलेल्या पंधराही उमगतात, कारण त्या तिच्याच प्रती. आवाज वरून शिरतो आणि पायरीपायरीने खाली उतरतो. सर्वांत वर गेन. माईककडून येणारा संकेत अवघा काही मिलिव्होल्टचा. गेन त्याला कामाच्या पातळीवर आणतो. येथे कमी पडले तर पुढे कितीही वाढवा, आवाजासोबत खरखरही वाढते. येथे अधिक झाले तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज खालच्या कोणत्याही बटणाने शिवता येत नाही. म्हणून नव्या मुलांना आम्ही रीत सांगतो ती अशी : फेडर खाली ठेवा, पीएफएल दाबा, गायकाला प्रत्यक्ष कार्यक्रमात गाणार तेवढ्याच जोराने गायला लावा आणि मीटर शून्याच्या आसपास येईपर्यंत गेन वाढवा. ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ या मंत्राचा येथे काही उपयोग नाही. तो सर्व जण हळू आवाजात म्हणतात आणि पडदा उघडल्यावर खड्या आवाजात गातात. आंबेडकरी जलशांच्या परंपरेत घडलेल्या वयस्कर गायकांच्या बाबतीत तर हे फारच खरे. तो गळा मोकळ्या मैदानासाठी तयार झालेला. त्याला माईकची गरज पडते ती केवळ शेवटच्या रांगेपुरती.

कोरसवरील कंडेन्सर माईकना ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा द्यावा, बोलण्याच्या माईकवर लो-कट दाबून पायांचा धप्-धप् आवाज काढून टाकावा, ढोलकीच्या डाव्या हाताच्या घुमाऱ्याला मात्र तो कधी लावू नये. या गोष्टी एका संध्याकाळी शिकता येतात. वेळ लागतो तो आवाजाच्या वाटा समजायला.

फेडरशेजारी लहान बटणे असतात : एक-दोन, तीन-चार, एल-आर. आवाजाने कोणत्या वाटेने जायचे हे ती ठरवतात. कोरसचे सहाही माईक एक-दोन या ग्रुपवर पाठवले की सहा फेडरऐवजी दोनच फेडर हातात राहतात. पॅन डावीकडे वळवला तर आवाज ग्रुप एकमध्ये, उजवीकडे वळवला तर दोनमध्ये जातो. त्या ग्रुपचे एल-आर बटण दाबले म्हणजे तो मुख्य स्पीकरपर्यंत पोहोचतो. मात्र चॅनेलचे स्वतःचे एल-आरही दाबलेले राहिले, तर तोच आवाज दोन वाटांनी जातो. ग्रुपचा फेडर पूर्ण खाली आणला तरी कोरस काही गप्प होत नाही. हा प्रकार पाहून नवीन मुले घाबरतात. आम्ही त्यांना चिकटपट्टीच्या दुसऱ्या ओळीवर प्रत्येक आवाजाची वाट लिहायला लावतो. कंटाळवाणे काम आहे, परंतु अंधारात तेच कामी येते.

आता म्यूट बटणाविषयी. व्यासपीठावर जितके माईक उघडे, तितकी शिट्टी वाजण्याची भीती अधिक. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की सुरक्षित आवाजाची मर्यादा सुमारे ३ डेसिबलने खाली येते. म्हणून न वापरातले माईक बंद ठेवणे शहाणपणाचे. परंतु बंद ठेवलेला माईक वेळेवर उघडणे ही त्याहून मोठी जबाबदारी. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी ध्वनिव्यवस्था बाहेरून मागवली होती. नाटकात सहावीतल्या एका मुलीची दोनच वाक्ये होती. तिचे वडील वीटभट्टीवरून एक दिवसाची सुटी काढून, रात्रीच्या एस.टी.ने आले होते. मुलीने दोन्ही वाक्ये न अडखळता म्हटली. तिचा माईक उघडला तो दुसरे वाक्य संपत असताना. टाळ्या पडल्या, वडिलांनीही वाजवल्या, आणि मग शेजाऱ्याकडे वळून हळूच विचारले, “काय म्हनली वो ती?” शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हते. आम्ही त्यांच्या मागच्याच रांगेत होतो.

त्या वर्षापासून टेबलाशी नाटकाची संहिता घेऊन एक जण बसतो. त्याच्याकडे दुसरे काम नाही. बोलणाऱ्याच्या आधीचे वाक्य सुरू झाले की तो बोट दाखवतो आणि म्यूट उघडते. कोणाचे वाक्य मोठे, कोणाचे लहान, हे तो पाहत नाही.

आणखी एक वाट आमच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. आमच्या संगीत शिक्षकांना उतारवयात ऐकू कमी येऊ लागले. पेटीचा सूर कानी पडेना, तेव्हा यापुढे व्यासपीठावर गाणार नाही असे ते म्हणू लागले. मुख्य स्पीकर मोठे करून हा प्रश्न सुटत नाही. श्रोते त्रासतात आणि शिट्टी सुरू होते. ऑक्स हे स्वतंत्र बटण यासाठीच असते. ते प्री-फेडर ठेवले की सभागृहासाठी फेडर वरखाली केला तरी मॉनिटरकडे जाणारा आवाज ढळत नाही. सरांसाठी आम्ही एक ऑक्स राखून ठेवला. त्यात पेटी भरपूर, त्यांचा स्वतःचा आवाज मध्यम, ढोलकी नावापुरती, कोरस अजिबात नाही. छोटा मॉनिटर त्यांच्या माईकच्या बरोबर पाठीमागे, त्यांच्याकडे तोंड करून ठेवला; कार्डिऑइड माईकला पाठीकडून सर्वांत कमी ऐकू येते, म्हणून शिट्टीही टळली. पहिली ओळ गाऊन सरांनी डोळे मिटले, तेव्हा आम्हांस कळले की पेटी त्यांना ऐकू येत आहे. त्यानंतर ते आणखी चार संमेलने गायले. त्यांच्या ऑक्सवर, ज्या चिकटपट्टीवर ‘सर’ असे लिहिले होते, ती आजही तशीच आहे. त्या वाटेवर आता बालवाडीची मुले स्वतःचा आवाज ऐकतात.

यंदा टेबलाशी नववीच्या दोन मुली बसणार आहेत. ग्रुप आणि ऑक्स यांतला फरक त्या आमच्याहून लवकर शिकल्या. गेनच्या बाबतीत तर त्या आमचेही ऐकत नाहीत. आम्ही मागे उभे राहू, पण हात लावणार नाही. कलाकारांच्या पालकांना एवढीच विनंती की मुलांना दुपारी तीनपर्यंत सभागृहात पाठवावे. प्रत्येकाला स्वतःचे वाक्य, प्रत्यक्ष म्हणायचे त्याच जोराने, एकदा माईकवर म्हणून दाखवावे लागेल. ज्याचे एकच वाक्य आहे, त्यालाही.